उंबऱ्याबाहेरचे बूट

सकाळी चहाचा कप हातात होता आणि स्वातीचा फोन आला. स्वाती म्हणजे आमची टेंभुर्णीकडची पोरगी, माझ्याच हाताखाली शिकून पोलीस शिपाई झालेली. "साहेब, अक्का गेल्या," म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं बोलली, "झोपेतच गेल्या, शेजारच्या वहिनी सकाळी बघून आल्या. पण शिनूअण्णा आता कुणाला आत येऊ देईनात. उंबऱ्यात हुबं हायत, हातात कात्री हाय. सगळी गल्ली गोळा झालीय." खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालंच नाही. भीती वाटली. कारण ही बाई पाच वर्षं एकाच दिवसाला भीत होती. आपण नसताना पोलीस आपल्या भावाच्या दारात येतील, तेव्हा ते कसे येतील... आणि तो दिवस उजाडला होता.

मी पोलीस खात्यातला माणूस, सहायक फौजदार. जन्मभर पंचनामे लिहिले, त्यामुळे हे लिहिताना 'सदर मयत' वगैरे काही घुसू नये म्हणून डोळ्यात तेल घालून लिहितोय. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकराच्या घरातल्या. नवरा लवकर गेला. टॉवेलांना शिलाई मारून घर चालवायच्या. धाकटा भाऊ श्रीनिवास, गल्लीचा शिनूअण्णा, मागावर हात बसलेला कारागीर, पण त्याला मनाचा आजार. औषध वेळेवर गेलं की माणूस गाईसारखा गरीब. बिघडलं की त्याला वाटायचं, आपल्याला कुणीतरी उचलून न्यायला आलंय. आणि एका दुपारी आम्ही खरोखरच त्याला उचलून न्यायला गेलो.

शेजाऱ्यांनी फोन केला होता, येडा माणूस भांडी फेकतोय म्हणून. आम्ही पाच जण. मी दारातच काठी आपटली आणि ओरडलो, "ए, चल बाहेर!" तो मागं सरकला, आम्ही आत घुसलो, पाडला, दोरीनं बांधला. या झटापटीत त्याचा खांदा निखळला. अक्का बाजारातून आल्या तेव्हा आम्ही त्याला गाडीत चढवत होतो. दोन दिवसांनी, दवाखान्यातून त्याला घरी सोडल्यावर, मी जबाब घ्यायला गेलो, तर बाई फरशी पुसत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "बूट काढा, हवालदार." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्दीतल्या माणसाला बूट काढायला सांगते? पण त्या फडकं हातात धरून तशाच उंबऱ्यात बसून राहिल्या. शेवटी मी पायरीवर टेकलो, वाकलो आणि नाड्या सोडायला लागलो.

पहिला बूट निघाला तेव्हा आतल्या दाराआडून शिनू बघत होता. दुसरा निघेपर्यंत तो गळ्यात अडकवलेला हात सांभाळत बाहेरच्या खोलीत आला आणि माझ्यापासून चार हातांवर चक्क बसला. अक्कांचं पुसणं थांबलं. "खाकी दिसली की हा कॉटखाली शिरतोय. आज आला की!" असं म्हणून त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. माझे बूट उचलले आणि टोकं रस्त्याकडं करून ठेवले. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "टोकं बाहेर असली की त्याला कळतंय, ही माणसं जाणार हायत."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घुमत राहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत, माणूस मला का भितो हे मी कधी त्याच्या बाजूनं बघितलंच नव्हतं. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढं माझी बदली प्रशिक्षणाकडं झाली. मनाच्या आजारानं भेदरलेल्या, चिडलेल्या माणसाला बळ न वापरता कसं शांत करावं, यावर सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आमच्या पोरांचा तास घ्यायचे. डॉक्टर माणूस चांगला, पण पडद्यावर तक्ते दिसायला लागले की निम्मी पोरं पेंगायची. मीच म्हणालो, "डॉक्टर, एक बाई आहे." अक्का आल्या त्या शिवणकामाचा खडू घेऊन. भर हॉलमध्ये त्यांनी फरशीवर एक रेघ ओढली. "हा माझा उंबरा. आता मी शिनू. या बघू एकेक जण." आणि बाई जी किंचाळली म्हणता... पेंगणारी पोरं ताडकन उठून बसली!

एकानं गेल्या गेल्या काठी आपटली. एकाचा मोबाईल वाजला. तिघं मिळून गेले आणि तिघंही एकदम बोलायला लागले. अक्कांनी तिथंच थांबवलं. "अवो, त्याच्या डोक्यात आदीच चार जण बोलत्यात. त्यात तुमी तिघं कशाला? येकानंच बोला. न्हाईतर गप बसा, ते लई बरं." मग बुटांचा धडा. स्वाती तेव्हा नवी, जिभेला हाड नसलेली. म्हणाली, "आणि मी वाकल्यावर त्यानं चाकू मारला तर?" अक्का खवळल्या. "मी आत जा म्हटलंय का? चार हात लांब, भाईर बसायचं! जोडीदारानं लक्ष ठिवायचं. बूट काढतानी तुमचे दोनी हात त्याला दिसत्यात, तुमी घाईत न्हाई हे दिसतंय." मागं उभे असलेले आमचे वरिष्ठ हसून म्हणाले, "बाई, फौज अनवाणी करणार की काय?" अक्का म्हणाल्या, "साहेब, अक्कलकोटला जाता तवा काढता की." साहेबांनी पुढं त्यांचा तास कधी चुकवला नाही.

त्यांनी पोरांना एक तेलुगू शब्दही शिकवला, भयपडकु. भिऊ नको. हळू आवाजात, एकदाच म्हणायचा. तास संपला की आम्ही दोघं चहा प्यायचो आणि दरवेळी एकच बोलणं निघायचं. "हवालदार, मी हाय तवर मी मदी हुबी ऱ्हाते. माझ्या मागं?" मी एकदा नेहमीसारखं बोलून गेलो, अक्का, तुम्ही शंभरी गाठणार. त्या चिडल्याच. "खोटा धीर नका देऊ. पोरं तयार करा." मला बढती मिळाली, सहायक फौजदार झालो, पण त्यांनी हवालदार म्हणणं शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्या सकाळी मी गल्लीत शिरलो तो सवयीनं ओरडतच, "सरका, सरका!" स्वातीनं तोंडावर बोट ठेवून मला दटावलं. बघतो तर गर्दी पार कोपऱ्यावर नेलेली. शेजारचा माग बंद केलेला. जोडीदार भिंतीला धरून उभा. आणि स्वाती दारापासून चार हातांवर मांडी घालून बसलेली, बूट शेजारी, टोकं रस्त्याकडं. उंबऱ्यात शिनू. "अक्का झोपलीया," तो म्हणत होता, "वरडू नका." "न्हाई वरडत, अण्णा. भयपडकु," ती म्हणाली आणि गप्प झाली. ती तासभर अशीच बसली होती म्हणे.

मीही बसलो. एक बूट निघाला. दुसऱ्याच्या नाडीला निरगाठ बसली. ओढावं तशी ती आणखी घट्ट व्हायची, आणि आतल्या खोलीत अक्कांचे पाय दिसत होते... मला रडू फुटलं. हे काही आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. शिनू त्या गाठीकडं बघत होता. मग त्यानं कात्री उंबऱ्यावर ठेवली, बाहेर आला आणि माझ्या पायाशी बसला. जन्मभर मागावर तुटले धागे जोडलेली ती बोटं. नखानं हळूहळू त्यानं गाठ सैल केली. "वढायचं न्हाई, वढलं की बसतीया," म्हणाला. बूट काढून हातात धरला आणि विचारावं तसं बोलला, "अक्का उठंना."

"व्हय, अण्णा. उठणार न्हाईत आता."

"आत या," तो म्हणाला. आम्ही अनवाणी आत गेलो. अक्कांना उचलताना डोक्याकडची बाजू त्यानं स्वतः घेतली, आम्ही निखळवलेल्या त्याच खांद्यावर. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. मी थक्क होऊन बघत होतो. आम्हाला पाच वर्षं वाटत होतं, आपण शिकवणीला बसतोय. बाईनं स्वतःच्या मरणाच्या दिवसाची तयारी आमच्याकडून करून घेतली होती.

याला आता दीड महिना झाला. शेजारच्या वहिनी शिनूचं औषध बघतात. स्वाती आणि मी आलटून पालटून चक्कर मारतो. बूट बाहेर काढतो, टोकं रस्त्याकडं करून ठेवतो, थोडं बसतो, निघतो. परवाही तसाच तासभर बसलो. शिनू बाहेर जाऊन पाणी घेऊन आला, मग टॉवेलांचे दोरे कापत बसला. निघायला म्हणून उंबऱ्यात आलो तर माझ्या बुटांची टोकं घराकडं फिरवलेली होती.

मी मागं वळून पाहिलं. तो मान खाली घालून दोरे कापत होता. मी परत आत जाऊन बसलो.