निरांजन आधीच पेटलेलं होतं

नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी मी दोनशे पानी वही आणली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उभी कोण राह्यलीय? तू का ती?"

उभी राहिली होती समोरची भाभी. गल्लीच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी आहे. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, याद्या करणं हा रोजचाच उद्योग. म्हणून मतदारांची यादी माझ्याकडे आली.

भाभी उभी राहण्याचं कारण एकच होतं. आमचा प्रभाग म्हणजे जुनं गावठाण. माझ्या घरासमोरच्या बोळात सहा घरं अशी आहेत, की तिथं संडास बांधायला जागाच नाही. भाभीचं घर त्यातलंच. त्या घरांतल्या बायका मंडईमागच्या सार्वजनिक संडासात जातात. तो पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरलं होतं. मग उरणार तो एसटी स्टँडवरचा. भाभीच्या सासूचे, अम्मांचे, दोन्ही गुडघे गेलेले. मंडईपर्यंत त्या भिंत धरत जातात. स्टँडपर्यंत जाणं होणार नाही. माझ्याकडे संडास आहे, घरही समोरच, पण वरच्या मजल्यावर, आणि जिना शिडीसारखा उभा.

जागा बायकांसाठी राखीव निघाली त्या दिवशी भाभी पिठाच्या हातांनी तशीच वर आली. "वैनी, फॉर्म भरते मी. अम्मांना उचलून न्यायचं तरी किती दिवस?"

चिन्ह मिळालं पंखा. "गिरणीवालीला पंखा! पीठ उडवाय व्हय गं?" शेजारच्या आक्का म्हणाल्या आणि त्यांनीच पहिला प्रचार सुरू केला.

मी पद्धत ठरवली. दोनशे चौदा घरं, रोज संध्याकाळी पाच ते सात, वीस घरं. घर, मतं, बाहेरगावी कोण, खूण, शेरा असे रकाने पाडले. वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहणारे, बारामतीला कामाला असणारे, लासुर्ण्याला शेतावर राहायला गेलेले, अशा सगळ्यांना फोन कुणी करायचे तेही लिहिलं.

खुणेचा नियम माझाच. आपल्याकडे उमेदवार बाई दारात आली की ओवाळतात. जिथं भाभीला ओवाळलं तिथं बरोबरची खूण. 'बघू' म्हणाले तिथं प्रश्नचिन्ह. दार उघडलं नाही तिथं फुली. भाभीच्या घरात ओवाळायची रीत नाही. पहिल्या दारात ती अवघडून उभी राहिली. तिसऱ्या-चौथ्या दारापासून मात्र पदर सावरून आपणहून थांबायला लागली. एकदा रस्त्यात म्हणाली, "वैनी, इतक्या बायकांनी मला ओवाळलं, माझं लगीन झालं तवा बी कुणी इतकं केलं न्हवतं."

एका घरी आम्ही चपला काढतोय तोवर ताट बाहेर आलं. निरांजन आधीच पेटलेलं होतं, वात निम्मी जळालेली. मी शेऱ्यात लिहिलं, 'तयारी चांगली.' पुढे आणखी पाच-सहा घरांपुढे हाच शेरा आहे. आक्का तर बोलूनही गेल्या होत्या, "ह्या म्हैन्यात ताट घासाय टाकलंच न्हाय बघ. एक गेली की दुसरी हाय दारात." मी हसले आणि पुढच्या घराचा नंबर लिहिला. माझ्याच घरी सासूबाईंनी तिन्ही उमेदवार बायकांना ओवाळलं होतं. आमच्या घरापुढची बरोबरची खूण मी न विचारताच केली होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी बेरीज सहाशे बारा आली. "यातली शंभर सोड," मी भाभीला सांगितलं, "तरी तू येतेस."

मतमोजणीला मी तिची प्रतिनिधी म्हणून जाळीपाशी बसले. वही मांडीवर. आमचा प्रभाग लवकर लागला. पहिल्या मशीनवर पंखा एकोणतीस. मला वाटलं, ते पलीकडच्या आळीचं असेल. मग दुसरं झालं, तिसरं झालं. एकूण एकशे त्रेपन्न. समोरच्या उमेदवाराचा प्रतिनिधी माझ्या मांडीकडे बघून म्हणाला, "मॅडम, वही लई जाड आणली व्हती." मी वही पिशवीत घातली.

भाभी बाहेर बांबूंच्या कठड्याशी उभी होती. आकडा सांगितला. तिनं तो एकदा पुटपुटून बघितला. मग विचारलं, "आपल्या बोळातल्या सहा घरांचीच अडतीस मतं हायत. ती तरी पडली का?"

मशीन घरागणिक सांगत नाही. मी म्हणाले, "पडली असतील."

तिसऱ्या प्रहरी मिरवणूक गल्लीत आली. त्या सहातल्या दोन घरांची माणसं गुलालात पुढंच नाचत होती. सगळ्यांच्या पुढं निवडून आलेल्या बाईंचे यजमान, हात जोडून. बाई मागं, कपाळभर गुलाल. दारादारात ताटं आली, तीच ताटं. सासूबाई वरून ओरडल्या, "अगं, खाली ने ताट, दारावरनं जातील तशीच!" मी नेलं. बाईंना ओवाळलं आणि म्हणाले, "तेवढा बायकांचा संडास पाडू नका." बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "ताई, गाळे मंजूर झालेत. बघू, काय तरी करू."

मिरवणूक पुढं सरकली. भाभी गिरणीच्या पायरीवर उभी होती. तिनं हात पुढं केला. "वैनी, ताट इकडं द्या. आता मला बी त्यांच्याकडंच मागायचंय." मी दिलं. वात विझत आली होती, तिनं पदराचा आडोसा केला, आणि दोन्ही हातांत ताट धरून, चुकत, उलट्या बाजूनं, बाईंना ओवाळलं. यजमान खूश झाले. "ह्याला म्हणत्यात मोठं मन," ते मागच्यांना म्हणाले. संडासाचं तिनं विचारलं. "बघू," ते म्हणाले.

महिन्याभरात संडास पाडला. गाळ्यांचे खड्डे खणून झालेत.

वहीची मागची पानं कोरी होती. तिथं मी नवी यादी केली: तळमजल्यावर संडास असलेली, अम्मांना जाऊ देणारी घरं, आणि त्यांच्या सोयीच्या वेळा. विचारलं तेव्हा नऊ घरं हो म्हणाली. आता नुसतं हो म्हटल्यावर मी खूण करत नाही. अम्मा प्रत्यक्ष जाऊन आल्या की करते. पहिल्या आठवड्यात पाच खुणा झाल्या. मग एका घरी पाहुणे आले, एका घराच्या संडासाची टाकी भरली, एका घरानं दुपारी कडी लावायला सुरुवात केली. सध्या दोन घरं आहेत, एक सकाळी सातच्या आत, एक अकरा वाजता; मग थेट दुसरी सकाळ.

अकरानंतर अम्मा पाणी पीत नाहीत.