बारा पेरांची परीक्षा

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून झालेल्या डोकेफोडी तर मोजायच्या पलीकडच्या. पण इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेत गैरप्रकार झाल्याची चौकशी माझ्या वाट्याला एकदाच आली. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. मी मूळचा पाटणकडचा, धो धो पावसातला माणूस, आणि शेवटची बदली झाली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जिथं लोक ढग दिसला तरी एकमेकांना फोन करून सांगतात. तिथल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सोमवारची सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. आमचे जुने हवालदार माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, इंग्रजीचा मटका धरलाय," ते म्हणाले.

या हवालदारांची निम्मी नोकरी मटक्याच्या धाडीत गेलेली. त्यांना जत्रेतल्या पाळण्यातही मटका दिसायचा. मी म्हटलं, "नीट सांगा."

बाहेर सांगलीहून आलेले एक सर बसले होते. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात तक्रार अर्ज आणि पेन ड्राइव्ह. एका संस्थेतर्फे ते खेड्यांतल्या हायस्कुलांमधल्या दहावीच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घेत. परीक्षेचे भाग दोन, ऐकणं आणि वाचणं. ऐकण्याच्या भागात स्पीकरवर इंग्रजी उतारा दोनदा लावायचा, त्या वेळी पेन खाली. उतारा संपल्यावर प्रश्न हातात द्यायचे. वाचनाचा उतारा छापील. दोन्ही मिळून जो पहिला येईल त्याची सांगलीत अकरावी-बारावी आणि वसतिगृह फुकट.

आमच्या हद्दीतल्या एका गावची अठरा मुलं परीक्षेला बसली होती. ऐकण्यात अठराही जणांना दहापैकी आठच्या वर. एका मुलीला दहापैकी दहा. वाचनात मात्र बहुतेकांचे पाच किंवा सहा. त्या मुलीला वाचनात सात होते आणि एकूण बेरजेत ती सगळ्या केंद्रांत पहिली आली होती.

"चित्रण बघा," सर म्हणाले. वर्गातल्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. उतारा सुरू झाला की अठराही मुलांचे डावे हात बाकाखाली, मांडीवर. आणि अंगठे बोटांवरून फिरतायत. "हे इशारे आहेत. बाईंनी शिकवलेले. शनिवारी यादी लागणार. त्याआधी गुन्हा दाखल झाला, तर या शाळेची नावं मला वगळता येतील."

मुलगी मेंढपाळाच्या घरातली होती. गावात अकरावी नाही, रोज जाऊन-येऊन शिकावं तर एसटी दिवसातून दोनदा. यादीतून नाव गेलं असतं तर दिवाळीनंतर ती मेंढरांमागं कोकणाच्या वाटेला लागली असती. मी सरांना सांगितलं, "आधी प्राथमिक चौकशी. गुन्ह्याचं नंतर बघू." सरांना ते आवडलं नाही, पण पोच घेऊन ते मुक्कामाला विश्रामगृहावर गेले.

त्या दिवशी हवालदारांनी जेवणसुद्धा पुढं ढकललं. जुन्या बंदोबस्ताच्या कागदामागं त्यांनी चार बोटं काढली, प्रत्येक बोटाला तीन पेरं, बारा पेरांना बारा अक्षरं. चित्रण थांबवून थांबवून ते कोणाचा अंगठा कुठं गेला ते टिपत होते. संध्याकाळी कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांच्या हिशेबानं मुलांनी एकमेकांना जो निरोप दिला होता, त्याचा उच्चार करायलाही दातांची कवळी लागली असती.

"कठीण कोड हाय साहेब," ते गंभीरपणे म्हणाले.

मी ते चित्रण पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. पोलिसाला एक सवय असते, हाताकडं बघा म्हटलं की तो डोळ्यांकडं बघतो. या मुलांचे डोळे एकमेकांकडं जात नव्हते. चारपाच जणांनी तर गच्च मिटले होते. दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात यायला रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ गेला. इशारा म्हटला की देणारा आधी असतो आणि घेणारा मागून. मटक्याचा असो नाहीतर टेहळणीचा, एक क्षण तरी मागंपुढं होतोच. इथं अठरा अंगठे एकाच वेळी हलत होते. देणारा कुणीच नव्हता. आणि तिसरं, चोर घरात शिरला की एकच खोली साफ करून परत जात नाही. कॉपी करायचीच होती, तर वाचनात पाच गुण कशाला घेतले?

पण मग हात बाकाखाली का? निरपराध माणूस हात लपवत नाही, हा माझा तोवरचा अनुभव होता. त्यावर मी अडलो.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात शाळेत गेलो. बरोबर आमच्या महिला उपनिरीक्षक होत्या. इंग्रजीच्या बाई तिशीच्या, तासगावकडच्या, बोलायला तडफदार. पण विषय निघाल्याबरोबर आखडल्या.

"मी मुलांना यातलं काहीही शिकवलेलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. तीनदा विचारलं, तीनदा तेच वाक्य. एकच वाक्य तीनदा न बदलता आलं की आम्ही समजतो, पाठ केलंय. माझा आवाज चढला.

"मग हात बाकाखाली कुणी घ्यायला लावले?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "ते मी सांगितलं होतं."

उपनिरीक्षकांनी लिहायला पेन काढलं. बाई म्हणाल्या, "लिहा. मागच्या वर्षी तपासणीला एक अधिकारी आले होते. मुलांचे अंगठे बोटांवर बघितले आणि सगळ्यांसमोर हसले. दहावीची घोडी झाली, अजून बोटं मोजतात, म्हणाले. तुम्ही विचारताय ती मुलगी दोन दिवस शाळेला आली नाही. म्हणून मी सांगितलं, सांगलीच्या लोकांसमोर हात खाली ठेवा. हसतील." मग सावकाश म्हणाल्या, "मोजत नाहीत हो साहेब ती. ठेवतात. ती पद्धत तिनंच वर्गाला शिकवली. मी स्वतः तिच्याकडून शिकले."

मी खुर्चीत मागं टेकलो. लाजेनं लपवलेला हात आणि गुन्ह्यानं लपवलेला हात बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एका शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं.

त्याच दिवशी दिवस कलायच्या वेळी मुलीच्या घरी गेलो. अल्पवयीन मुलीला ठाण्यात बोलवायचं नाही, विचारायचं ते पालकांसमोर, असा नियम आहे आणि तो चांगला आहे. वडील लोकर घेऊन बाजाराला गेले होते. आई वाघूर लावत होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आम्ही पोलीस आहोत म्हटल्यावर तिनं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दम धरा. मेंढरं आत घेऊ द्या."

मेंढरं आत शिरू लागली. आईच्या उजव्या हातात काठी, डाव्या हाताचा अंगठा बोटांवर. मला ते चित्रणच समोर दिसायला लागलं.

"आई मेंढरं पेरावर धरती," मुलगी म्हणाली. चष्मा, दोन वेण्या, आवाज शांत. "सगळी न्हाईत. आडमुठी तेवढी. लंगडी ह्या पेरावर, गाभण ह्या, कानफाटी ह्या. आत आली की पेर सोडायचं. मी इंग्रजी तसंच धरलं. कोन, कुठं, कवा, कशापायी, एकेक पेरावर ठेवायचं. बाई म्हणत्यात, ऐकताना लिवायचं न्हाई. मग ठेवायचं कुठं?"

"मग वाचनात सातच कसे?"

"वाचायला पुस्तकं कुठं हायत सायेब? मेंढरांमागं मोबाईलवर बातम्या तेवढ्या ऐकाय मिळत्यात."

मी आईला विचारलं, "किती मेंढरं आहेत?"

"किती ते ठावं न्हाई," ती म्हणाली. "कोन आलं न्हाई ते ठावं असतंय." आणि खरोखरच अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर तसाच ठेवून ती एका कोकरामागं ओढ्याकडं गेली. कोकरू घेऊनच परतली.

माझी खात्री पटली होती, पण चौकशी अधिकाऱ्याच्या खात्रीला पुराव्याच्या कागदावर जागा नसते. बुधवारी सरांना भेटून सांगितलं, "फेरपरीक्षा घ्या. उतारा तुम्ही स्वतः आयत्या वेळी निवडा आणि स्वतःच वाचा. मुलं भिंतीकडं तोंड करून बसतील. हात बाकावर."

सर तयार झाले. माणूस कडक होता, पण कोत्या मनाचा नव्हता.

गुरुवारी शाळेच्या लांब व्हरांड्यात अठरा मुलं भिंतीकडं तोंड करून बसली. गावही हळूहळू गोळा झालं. आमच्या हवालदारांनी गर्दी मागं सारली आणि मग स्वतःच एक बाक धरला. "कोड आतून बघतो," म्हणाले. ते एकटे कशाला, म्हणून मीही बसलो. सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि एका दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट वाचायला सुरुवात केली. इंग्रजी मला वाचता येतं, पण ऐकलं की घाम फुटतो. मी पेरांवर ठेवायचा प्रयत्न केला. राखणदार तर्जनीवर ठेवला, त्याची बोट मधल्या बोटावर. तोवर त्याला एक कुत्रं भेटलं आणि माझी सगळी पेरं गोंधळली. समोर अठरा अंगठे शांतपणे फिरत होते, या वेळी उघड्यावर, सगळ्या गावादेखत.

सरांनी उत्तरपत्रिका तिथंच तपासल्या. कुणाला आठ, कुणाला नऊ, एका पोराला घाबरून सहा. मुलीला दहा. मला तीन. हवालदारांना दोन, आणि त्यातला एक गुण सरांनी वयाचा मान राखून दिला होता. गावानं टाळ्या वाजवल्या त्या बहुधा आम्हालाच.

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि मुलीसमोर बाकावर बसले. "बाळ, उभी हयात मी मुलांना ओरडलो, लक्ष देऊन ऐका म्हणून. कसं ऐकायचं ते मात्र कधी सांगितलं नाही. मला दाखवतेस का?" मुलीनं त्यांचा अंगठा धरून पहिल्या पेरावर ठेवला. इंग्रजीच्या बाई खांबाआड जाऊन डोळे पुसत होत्या. मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगावा ते कळेना. मी हवालदारांच्या पाठीवर थाप मारली.

सरांनी अर्ज मागं घेत असल्याचं लिहून दिलं. उरला मुलीचा जबाब, त्याशिवाय चौकशी बंद होत नाही. उपनिरीक्षकांनी तिचं म्हणणं ऐकून तिथंच व्हरांड्यात लिहून घेतलं. तिची आई शेजारी जमिनीवर बसली होती. जबाब लिहून झाला की तो सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचं, 'वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी हजारो जबाब वाचून दाखवले असतील. एका दमात, कुठंही न थांबता. समोरचा मान हलवतो, सही करतो, आणि आपण उठतो.

कागद घेऊन मी तसाच एका दमात वाचला. सहीसाठी पेन पुढं केलं. मुलीनं पेन घेतलं नाही. तिचा अंगठा एका पेरावर थांबला होता.

"सायेब, एक राह्यलं."

"काय राहिलं?"

"मी आठ गोष्टी सांगितल्या. तुमी सातच वाचल्या."

उपनिरीक्षकांनी कागद पुन्हा पाहिला. "सगळं घेतलंय की गं. पद्धत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकले, असंही लिहिलंय."

"वडीलधारी न्हाई," मुलगी म्हणाली. "आई. मी आई म्हणलं हुतं. तिचं नाव न्हाई आलं."

आई म्हणाली, "असू दे गं, सायबांना उशीर हुतोय." मुलीनं पेराला लागलेला अंगठा हलवला नाही.

इतक्या वर्षांत मी वाचून दाखवलेला जबाब त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ऐकला होता. आधीच्या हजारो कागदांतून कुणाकुणाची नावं गळाली असतील, आणि मान हलवणाऱ्या माणसांना ते कळलंसुद्धा नसेल, हा विचार मनात आला आणि माझी मान खाली गेली. मी कागद घेतला, 'घरातल्या वडीलधाऱ्यांकडून' हे शब्द खोडले, वर 'माझ्या आईकडून' असं लिहून तिचं पूर्ण नाव घातलं आणि खाडाखोडीला नियमाप्रमाणे माझी सही केली. मग ते वाक्य नावासकट मोठ्यानं वाचलं: ही पद्धत मी माझ्या आईकडून शिकले.

मुलीनं अंगठा सोडला आणि सही केली. शनिवारी यादी लागली, तिचं नाव पहिलं होतं, आणि जूनअखेर ती सांगलीला गेली.

पण त्या गुरुवारचं एक सांगायचं उरलं. सही झाल्यावर मी कागदाची घडी घालू लागलो, तेव्हा तिची आई जमिनीवरून उठली. डोईचा पदर सारखा करून माझ्यापुढं उभी राहिली.

"आवं सायेब," ती म्हणाली, "माझं नाव हाय तेवढं परत एकदा वाचा की."

मी वाचलं. या वेळी सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत. त्या दिवशीचा जबाब वाचायला मला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला, आणि पुढं निवृत्तीच्या दिवसापर्यंत प्रत्येक जबाबाला तेवढाच लागत राहिला.