नंदूचं काळीज पुण्यात आहे

माझ्या भावाला, नंदूला, जाऊन आज वर्ष झालं.
त्याचं काळीज अजून धडधडतंय.

खोटं वाटेल. मी पाहिलंय.

आमच्या घराण्यात हार्टचा आजार आहे. बाबा झोपेतच गेले. नंदूलाही तोच निघाला, आणि त्याच्या पोरीला, गौरीलाही.

पुण्याच्या एका लॅबमधल्या मॅडमनी नंदूच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली. तिच्या पेशी मागे फिरवून स्टेम सेल केल्या, म्हणजे अंगातलं काहीही बनू शकतील अशा. मग त्यांच्यापासून हार्टच्या पेशी बनवल्या. त्यांच्यावर औषधं तपासायची, गौरीसाठी.

नंदूचं संग्रामपूरला बियाण्याचं दुकान. लॅबमध्ये जीन बदलून केलेलं बीटी कापसाचं बियाणं विकायचा. तो गावभर सांगत सुटला, "मले बीटी करून राह्यले बे पुण्यात!"

बोंडअळीनं बीटी कापूसही खाल्ला, त्या साली लोक दुकानात येऊन त्याच्यावरच ओरडायचे. हा त्यांना चहा पाजायचा. असाच एकाला चहा देता देता काउंटरवर कोसळला.

दहाव्याला कावळा शिवेना.

काका म्हणाले, "नंद्या, गौरीले आम्ही पाहू." वहिनी हात जोडून रडली. मी तर चिडलेच, "जा ना रे बाबा आता!"

कावळे बाभळीवर बसून नुसते पिंडाकडे पाहत होते. एकही खाली उतरला नाही.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तो जाईन कसा? त्याचं काळीज तिकडं चालू हाय. मले पुण्याले ने. बंद करा म्हणाव त्याईले."

खूप समजावलं. ऐकेल ती आई कसली.

लॅबमध्ये तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला.
मग मी पाहिलं. काचेच्या बशीत एक ठिपका. आकसतोय, सुटतोय.
मधेच एक ठोका चुकतोय. नंदूचा चुकायचा तसाच.

मला तिथून पळून जायचं होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणाल तर बंद करते. पण गौरीचं औषध या पेशींवरच शोधतोय."

"सापडलं का?"

"अजून नाही."

आईनं पुन्हा डोळा लावला. लहानपणी त्याला शाळेसाठी उठवायची, त्या आवाजात म्हणाली,
"नंद्या, जाऊ नको रे बाप्पा इतक्यात. पोरीचं औषध सापडू दे."

"आजी, पेशींना ऐकू येत नाही हो."

"तुम्हाले काय माहीत?"

ती उठली, पदर सावरला आणि बाहेर आली.

सकाळपासून तुम्ही सगळे ग्रुपवर 'आत्म्यास शांती लाभो' लिहून राह्यले. थँक्यू.
मला मात्र तसं लिहिता येत नाही.

नंदू, गौरी यंदा पहिलीत गेली.
तू थांब.