एका खेळाडूचा ठावठिकाणा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून स्वच्छ आठवतं, कारण यात मी एक मोठी चूक करता करता वाचलो, आणि वाचवलं कुणी, तर ज्यांच्यावर मी चिडलो होतो त्यांनीच.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. केळी आणि उसाचा पट्टा. एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका शेतकऱ्याला आत आणलं. पांढरी टोपी, पायात शेतातला चिखल. बरोबर तिशीच्या आतला एक नीटनेटका तरुण. शेतकऱ्याची वीस वर्षांची मुलगी घरातून गेली होती. तरुण तिचा होणारा नवरा, साखरपुडा झालेला.

आम्ही मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल केली आणि तक्रारीची प्रत वडिलांना दिली. मुलीचा फोन सिमकार्डासकट घरीच सापडला होता, त्यामुळे कॉल रेकॉर्डचा उपयोग नव्हता. बसस्टँड, नातेवाईक, मैत्रिणी, सगळीकडे विचारून झालं. विहिरीही पाहिल्या. असं काम करताना आपण काय शोधतो आहोत हे बापाला कळत असतं.

तो रोज यायचा, बाकावर बसायचा, आणि एकच विचारायचा, "साहेब, मन्ही पोर जिती शे ना?"

होणारा जावईही यायचा. तोच जास्त बोलायचा. फोटो छापून आण, गाडी दे, आमच्या शिपायांना चहा सांग, असं सगळं करायचा. मला तो मुलगा आवडला होता, हे लपवत नाही.

आठव्या दिवशी विसरवाडीहून एक मुलगी आली. तिथल्या औषधाच्या दुकानात काम करणारी, हरवलेल्या मुलीची कॉलेजातली मैत्रीण. दारातच घुटमळली. आमच्या महिला हवालदार बाईंनी तिला पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं, तेव्हा ती बोलली.

"साहेब, ती खेळी ऱ्हायनी."

मला काही कळेना. मग तिने मोबाईल काढला. बागा लावायचा, घरं सजवायचा एक गेम. या दोघी त्यात एकाच गटात होत्या, टोपणनावांनी. हरवलेल्या मुलीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. परवापेक्षा ती दोन टप्पे पुढे गेली होती. मैत्रिणीने तिला निरोप पाठवले होते, उत्तर मात्र आलं नव्हतं.

म्हणजे मुलगी जिवंत होती. मी वडिलांना एवढंच सांगितलं की धागा मिळाला आहे. लगेच ठाण्याच्या मेलवरून गेमच्या कंपनीला पत्र धाडलं: सदर खेळाडू हरवली आहे, तिचा नंबर व ठिकाण तात्काळ कळवावे. चार ओळी, घाईत टंकलेल्या, खाली सही-शिक्का राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोणत्या कलमाखाली माहिती हवी? ती व्यक्ती सज्ञान आहे का? माहिती कुणाच्या हाती जाणार? मी संतापलो. इथे एक बाप रोज बाकावर बसतोय आणि यांना कलम पाहिजे. हवालदार बाईंना म्हणालो, "या कंपन्यांना माणसाची किंमत नाही."

दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. खेळाडूंची खासगी माहिती सांभाळणाऱ्या विभागातल्या बाई होत्या.

"साहेब, तुमच्या नावाने आलेल्या पत्रातल्या नंबरवर मी मुद्दामच फोन केला नाही. जिल्हा पोलिसांच्या यादीतून ठाण्याचा नंबर काढला," त्या म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. तुम्ही आम्हाला किती पत्रं पाठवलीत?"

"एक."

"आमच्याकडे दोन आली आहेत. ठाणं एकच, मुलगीही तीच. पहिलं तुमच्या चार दिवस आधी आलंय. त्याला मिसिंगची प्रत जोडलीय, शिक्का आहे, सही आहे. तुमच्या सहीचा नमुना पाठवाल का?"

त्यांनी ते पहिलं पत्र मला पाठवलं. मी पाहतच राहिलो. माझं नाव, माझा हुद्दा, भाषा अगदी सरकारी. खोटं पत्र माझ्या खऱ्या पत्रापेक्षा कितीतरी व्यवस्थित होतं. मेलचा पत्ता तेवढा साधा, कुणीही उघडावा असा. त्यावरूनच त्यांना संशय आला आणि त्यांनी काहीच कळवलं नव्हतं.

मिसिंगची प्रत आम्ही एकालाच दिली होती. मी वडिलांना विचारलं, "ती प्रत कुठंय?"

"जवाईंकडे. झेरॉक्स काढाले लई गया व्हता."

त्याला मी नेहमीसारखं बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला. मी हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि हवालदार बाईंना खूण केली. खोट्या पत्राखाली संपर्कासाठी एक मोबाईल नंबर होता. बाईंनी तो लावला. त्याच्या शर्टच्या खिशात फोन थरथरू लागला. तो टेबलाकडे बघत राहिला.

"उचला ना," मी म्हणालो.

त्याने उचलला नाही. थरथर थांबली. तासभर तो नाही नाहीच म्हणत होता. मी आवाज चढवला नाही, पत्र फक्त समोर ठेवलं. माझ्या अनुभवात ओरडण्यापेक्षा कागद लवकर काम करतो. शेवटी तो म्हणाला, "मन्ही बायको व्हनार शे ती. ती कोठे शे, हाई माले समजाले नको का?" त्याच्या आवाजात काळजी नव्हती. राग होता.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ही मुलगी हरवलेली नाही. ही लपली आहे.

मी कंपनीतल्या बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रीतसर नोटीस आली तर आहे ती माहिती देऊ, फक्त तपास अधिकाऱ्याच्या हाती. नेमकी जागा आमच्याकडे नाही, ती आम्ही घेतच नाही. शहरापुरतं कळेल. पण त्याआधी तिलाच विचारायचं का? तुमचा निरोप गेममधून तिच्यापर्यंत पोहोचवता येईल. तिने उत्तर द्यायचं की नाही, ते ती ठरवेल."

मी मजकूर लिहिला. हवालदार बाईंनी वाचला आणि "घरी परत ये" हे वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, "तू सज्ञान आहेस. तुला कुणी परत नेणार नाही. सुखरूप आहेस एवढं कळव." खाली ठाण्याचा नंबर आणि स्वतःचं नाव.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलीने माझ्याशी बोलायला नकार दिला. हवालदार बाईंशी बोलली, जवळजवळ तासभर.

आठवड्याभराने बाईंना घेऊन मी तिला भेटायला गेलो. ते शहर मी आजही सांगणार नाही. ती एका शिवणवर्गात शिकत होती, वसतिगृहात राहत होती. जबाबात तिने सांगितलं ते थोडक्यात असं: साखरपुड्यानंतर त्याने तिचा फोन आपल्या फोनला जोडून घेतला. कुठे गेली, कुणाशी बोलली, सगळं त्याला दिसायचं. एकदा तिने पासवर्ड बदलला, तर त्याने तिचा हात पिरगाळून मनगटात मोडला. घरी तिने सांगितलं, पाय घसरून पडले. सगळं सोडून ती निघाली, तेव्हा तो गेम तेवढा सोडला नाही, नव्या फोनवर पुन्हा उघडला.

"तिथं कुणी मला काही विचारत नव्हतं," ती म्हणाली. तिचं गेममधलं टोपणनाव त्याने कधीतरी पाहिलं होतं, तेवढ्यावरूनच त्याने ते खोटं पत्र पाठवलं होतं.

त्याच्यावर दुखापतीचा आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला. खटला उभा राहिला, शिक्षाही झाली.

वडिलांना मी ठाण्यात बोलावून सांगितलं की मुलगी सुखरूप आहे, पत्ता तिची इच्छा होईल तेव्हा तीच देईल. जबाबातलं जेवढं सांगायला तिने परवानगी दिली होती, तेवढं सांगितलं. हाडाच्या दवाखान्यात तिला म्हाताराच घेऊन गेला होता, त्याच जावयाच्या गाडीतून. मग त्याने विचारलं, "तिना हात आते कसा शे?"

मी म्हणालो, "बरा आहे. शिवण करते त्या हाताने." त्याने टोपी काढून डोळे पुसले. पत्ता पुन्हा विचारला नाही. चार महिन्यांनी मुलीनेच त्याला फोन केला.

इतकी वर्षं मी समजत होतो की माहिती मागणं हा पोलिसांचा हक्क आणि ती नातेवाइकांना देणं हे पुण्याचं काम. कंपनीने पहिल्याच पत्राला माहिती दिली असती, तर तो तिच्या दारात उभा राहिला असता. आणि मला आधी मिळाली असती, तर मी ती चहा पिता पिता त्याच्याच हातात दिली असती. कंपनीतल्या त्या बाईंना मी आभाराचं पत्र पाठवलं, या वेळी सही-शिक्क्यासह. त्यांचं उत्तर आलं, की त्यांनी वेगळं काही केलेलं नाही, प्रत्येक खेळाडूसाठी हेच करतात.

त्यानंतर माझ्या ठाण्यात रीत पडली. हरवलेलं सज्ञान माणूस सापडलं, की घरच्यांना कळवण्याआधी त्यालाच विचारायचं: तुमचा ठावठिकाणा कुणाला सांगू? निवृत्तीच्या वर्षी एका नव्या फौजदाराने मला विचारलं, "सर, तो म्हणाला कुणालाच नको, तर?"

मी म्हणालो, "मग सुखरूप आहे एवढंच सांगायचं, आणि घरच्यांच्या शिव्या आपण खायच्या."