विसार घेतलेली खोली

आमच्या घरात महिना दहा दिवसांचा असतो. डेअरी दुधाचा पगार दर दहा दिवसांनी करते, म्हणून किराणा, पेंड, लाईटबिल, लग्नाचे आहेर, सगळं आई त्याच मापानं मोजते. टोमॅटो-कांद्याचा पैसा वडिलांचा. तो येतो तेव्हा येतो आणि बियाणं-खतात परत जातो. दुधाचा पैसा मात्र आईचा, आणि माझं डॉक्टरीचं शिक्षण त्यावर चाललेलं. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या पगारात एक दिवस जास्तीचा येतो. त्या दिवसाचं दूध माझं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. फेब्रुवारीचा विषय काढला की म्हणायची, फेब्रुवारीत कमी खायचं.

मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि कॉलेजनं मुलींच्या होस्टेलची आमची बाजू दुरुस्तीला काढली. महिनाअखेरपर्यंत आपापली सोय करा, अशी नोटीस लागली. मी आणि वर्गातली एक मैत्रीण मिळून जागा शोधायला लागलो. ती पैशानं बरी होती. अडत होतं ते माझ्यापाशी. आईनं फोनवर सांगितलं, माझ्या वाट्याला सहा हजार, त्यावर एक रुपया नाही. तेवढ्यात पुण्यात भर पेठेत, हॉस्पिटलला चालत जाता येईल अशी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मावशीकडे चाकणला राहायचं. चाकणहून सकाळी आठच्या वॉर्डला यायचं म्हणजे जाता-येता चार तास गाडीत. अभ्यास मग झोपेतून काढायचा, आणि माझी झोप किती कच्ची ते मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षी एका विषयात मी नापास झाले होते, तो अजून सुटायचा होता. पुन्हा तसं झालं असतं तर घरी तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

जागा मी बघते, तू येऊ नकोस, असं मी आईला तीनदा सांगितलं. ती आलीच. तिचं म्हणणं, गाय घेताना आपण फोटो बघून घेतो का? पण तिला यायचं तर दोन धारांच्या मधेच यायचं होतं. वडिलांच्या हाताला गाय पान्हा सोडत नाही, असा तिचा दावा आहे. वडिलांनी तो कधी खोडून काढला नाही, कारण त्यात त्यांची सोय आहे. पहाटेची धार काढून, डेअरीला दूध घालून तिनं ओतूरहून पुण्याची एसटी धरली. साडेदहाला शिवाजीनगरला उतरली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली की दीडची गाडी सुटली तर संध्याकाळची धार चुकेल. म्हणजे जागा बघायला आमच्या हातात तीन तास होते.

पहिल्या दोन जागा एजंटनं दाखवल्या. पहिलीत तो हवा फार छान खेळते म्हणाला. आई म्हणाली, आमच्या गोठ्याला याच्यापेक्षा मोठी खिडकी आहे. दुसरीत तिनं काही न बोलता मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. ते सगळं उंबऱ्याकडे आलं. असल्या उतारावर गाय बांधली तर खुरं कुजतील, असं तिनं एजंटला सांगितलं. तो हसावं की नाही या विचारात उभा राहिला. मी मात्र शरमेनं लाल झाले होते. वर्गातल्या मुलींच्या आया असं करत नाहीत, असं मनात येत होतं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

तिसरी जागा मैत्रिणीनं कॉलेजच्या फळ्यावरच्या चिठ्ठीवरून काढली होती. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. मैत्रिणीला वॉर्ड होता, म्हणून आम्ही दोघीच गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी दार उघडलं. कमरेला किल्ल्या खोचलेल्या. कुठली खिडकी पावसात फुगते, कुठल्या नळाला पाणी आधी येतं, सगळं त्यांना तोंडपाठ. आईनं तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते मुकाट्यानं कोपऱ्यातल्या भोकाकडे गेलं. मग आईनं मला गच्चीवर पिटाळलं, टाकीला झाकण आहे का ते बघायला.

मी झाकण बघून खाली आले, तोवर सगळं उरकलं होतं. आईच्या बटव्यात कुंकवाची डबी कायम असते. तिनं त्या बाईंना कुंकू लावलं होतं आणि सौदा पक्का म्हणून हातात पाचशे एक रुपये विसार ठेवला होता. भाडं ठरलं बारा हजार, दोघींत सहा-सहा. माझे सहा दर दहा दिवसांनी दोन-दोन हजार करून द्यायचे. आधीच्या मुलीही बाराच देत होत्या म्हणे. बाई हातातल्या नोटांकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात आईनं पिशवी उचलली. दीडची गाडी गाठायची म्हणून आम्ही निघालोच. वाटेत आई एवढी खूश होती की तिनं स्वतःहून उसाचा रस पाजला.

दुसऱ्या दिवशी सामान कधी आणायचं हे विचारायला मी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडे एक गृहस्थ. ते बंगळूरला नोकरीला होते आणि खोली त्यांची होती. बारा कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं. भाडं पंधरा हजार होतं. त्यांच्या एजंटनं पंधरा देणारे दोघं शोधले होते आणि ते रविवारी जागा बघायला येणार होते. काल ज्यांना आम्ही भेटलो त्या मालकीण नव्हत्या. मालकांच्या आईकडे त्या स्वयंपाकाला होत्या. मालकांची आई वारल्यावर खोली भाड्यानं जायला लागली आणि किल्ली या बाईंकडे राहिली, एवढंच.

आमच्याकडे किल्ली जिच्या कमरेला, घर तिचं. आईला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला आईचा राग आला आणि त्या बाईंचा त्याहून जास्त. पैसे घेताना तोंड उघडायला काय झालं होतं यांना? मी तडक त्या इमारतीत गेले. त्या पहिल्या मजल्यावरच्या एका आजींच्या घरी पोळ्या करत होत्या. हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, पैसे परत द्या, मला दुसरीकडे बघायचंय.

त्या म्हणाल्या, "पैसे देवापुढं ठेवलेत, हात लावला नाय त्याला. पर परत न्हाई देणार. विसार घेतलेली गाय आमी दुसऱ्याला दाखवत न्हाई, तुमच्यात दाखवत्यात का?"

त्या मुळशीकडच्या होत्या. आमच्यातही दाखवत नाहीत. एकदा विसार घेतला की मग कुणी दुप्पट भाव केला तरी माणूस गोठ्याचं दार उघडत नाही, आणि उघडलं तर गावात त्याची पत राहत नाही. पण ही गाय त्यांची नव्हतीच, हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यावर त्या पोळी करपेल म्हणून आत निघून गेल्या.

रविवारी एजंट त्या दोघांना घेऊन आला. बाईंनी किल्ली दिली नाही. एजंटनं आधी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवला, मग बंगळूरला फोन लावला. हे सगळं मला पहिल्या मजल्यावरच्या आजींनी नंतर चवीनं सांगितलं. मालकांना बाई फोनवर काय म्हणाल्या ते आजींनाही ऐकू आलं नव्हतं. फोन झाल्यावर एजंट पायऱ्या उतरून गेला आणि बाई दुसऱ्या घरी भाजी टाकायला गेल्या.

संध्याकाळी मालकांचा मला फोन आला. त्यांचा आवाज आधीच्या वेळेपेक्षा हळू होता. बारा चालतील, हप्त्यानं दिलेत तरी चालतील, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माझी आई शेवटची दोन वर्षं त्या बाईंच्या हातनं जेवली. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं." फोन ठेवल्यावर मी होस्टेलच्या जिन्यात बसून राहिले. चाकण टळलं होतं, आणि टाळणारी बाई तीच, जिच्यावर मी दोन दिवसांपूर्वी आवाज चढवला होता. मी माफी मागायला गेले तर त्यांनी मला गरम पोळी-गूळ दिला आणि डॉक्टरीणबाई रागानं बारीक व्हायला लागल्यात, अशी फिरकी घेतली.

त्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले. घरून बाजरी, तांदूळ, शेंगदाणे यायचे. अभ्यासाची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींकडून जुनी घ्यायची. दुधाचा पगार झाला की त्याच दिवशी दोन हजार मालकांच्या खात्यावर जायचे. दुधात फॅट कमी लागून भाव पडला की आई बिलावर चिडायची, पण माझ्या दोन हजारांना तिनं कधी हात लावला नाही. आठच्या वॉर्डला मी सात पन्नासला निघायचे. राहिलेला विषय सुटला आणि नंतर कुठलाच राहिला नाही. चाकणच्या गाडीत गेले असते ते चार तास मला अडीच वर्षं रोज मिळाले, आणि ते कुणी दिले हे मी विसरले तर माझ्यासारखी कृतघ्न मीच.

मी एकच गोष्ट केली नाही. आईला खरं सांगितलं नाही. तिची चूक झाली हे तिला कळू नये असं वाटायचं. थोडा भित्रेपणाही होता. तिच्या लेखी त्या बाई मालकीणबाईच राहिल्या. गाय व्याली की चिकाचा डबा सकाळच्या एसटीनं यायचा, अर्धा मालकीणबाईंना. मी नुसतं "आईनं पाठवलंय" म्हणून तो नेऊन द्यायचे. बाई दर वेळी मला विचारायच्या, का पाठवते एवढं? मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचे.

मग एका सकाळी आई अचानक आली. चुलत भावाला दवाखान्यात दाखवायचं होतं. त्याला रांगेत बसवून ती माझ्याकडे वर आली. बाई नेमक्या जिन्यातच होत्या. आईनं त्यांना हाताला धरून आत आणलं, माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर बसा म्हणाली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसली. घरच्या मालकिणीनं खाली कसं बसायचं, असं तिचं म्हणणं. बाई खुर्चीला हात लावून उभ्याच राहिल्या. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली, तेव्हा मी आईला काहीच सांगितलेलं नाही हे त्यांना समजलं.

"ताई, मी मालकीण नाय," त्या म्हणाल्या. "चार घरी पोळ्या करते. तुमी त्या दिवशी भाव इचारला न्‌ मला खरं सांगता आलं न्हाई. तीस वर्सं या बिल्डिंगीत राबले, मला कंदी कुणी कशाचा भाव इचारला नव्हता."

आई त्यांच्याकडे बघत होती. मी घाईघाईनं पंधरा हजारांचं, एजंटचं, न दिलेल्या किल्लीचं सगळं सांगून टाकलं. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली, बटव्यातनं कुंकवाची डबी काढली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मी तुमाला इचारलं, शबूद तुमी दिला न्‌ राखला बी तुमीच," ती म्हणाली. "पोरीला मालकानं जागा दिली आसती तर भाडं देऊन फिटलं आसतं. आता ह्ये कशानं फिटायचं व्हो?"

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि कपाळ पुढे केलं. मला तिथं उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन तिघींचा चहा ठेवला.