तारप्याकडे तोंड करून

बोईसरच्या बाजारात हा पोर दिसेल तो दुधी भोपळा उचलायचा, कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा. भाजीवाला वैतागायचा, ‘खाना है कि बजाना है?’

‘वाजला तं वाजवू, नाय तं खाऊ.’

त्याचा बाप मनोरकडच्या पाड्यावरचा नावाजलेला तारपेवाला. तारपा तुम्ही पाहिला असेल: वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. बापाचा तारपा आणि आपली गिटार एकाच गाण्यात वाजावी, एवढंच या पोराला हवं होतं. तारापूरच्या कारखान्यात तो कापड रंगवायचा आणि पहिली पाळी सुटली की सालवडला आमच्या घरामागच्या भाड्याच्या खोलीत गिटार झोडायचा. नेमकी माझ्या दुपारच्या झोपेची वेळ.

मी तेव्हा चाळिशीतली, महिला मंडळाची सांस्कृतिक प्रमुख. हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे संगीत मला विचारूनच जन्माला आलं अशी माझी समजूत. खिडकीतून ओरडायचे, ‘अरे, तारा तुटतील!’

‘तुटल्या तं नव्या बसवू, बाय. तुमी झोपा.’

दिवाळीच्या कार्यक्रमात मीच त्याला ‘संधी दिली’. तेव्हा मी असंच बोलायचे. रंगमंचाची मांडणीही माझीच. पुढे गिटार घेऊन तो, बाजूला त्याच्याच खात्यातला बिहारी ढोलवाला आणि पार मागे पडद्याला चिकटून म्हातारा, म्हणजे त्याचा गुडघ्यापर्यंतचा पंचा फोटोत यायला नको. गाणं सुरू झालं. गिटार वाजली, ढोल वाजला, तारपा वाजेना.

त्यानं मान वळवली. ‘बाबा, वाजवा ना!’

‘तू माज्याकडं पाठ करून उभा. मी कोनाला वाजवू?’

वारल्यांच्या नाचात तारपेवाला मधोमध असतो आणि बाकीचे हात गुंफून त्याच्याभोवती. तो वळेल तसे सगळे वळतात, पण त्याच्याकडे पाठ कोणी करत नाही. हे पोराला ठाऊक होतं. माझ्या रंगमंचाच्या रुबाबात विसरला बिचारा. म्हाताऱ्यानं तारपा फडक्यात गुंडाळला आणि मनोरची एसटी पकडली.

पुढे पोराचं नाव झालं. नोकरी सोडली, मुंबई-पुण्याला कार्यक्रम, पेपरात केस मोकळे सोडलेला फोटो. बाप काही येईना. मग पाड्यावर जाऊन बापाच्या तारप्याचा आवाज कीबोर्डात भरून घेतला आणि गाण्यांत वापरू लागला. लोक खूश. एकदा मला भेटायला आला तेव्हा विचारलं, ‘एवढ्या टाळ्या मिळतात, मग तोंड का असं?’

‘बटन दाबला का बाबा वाजतो, बाय. सोडला का गप. खरा बाबा असा आयकतो का कोनाचा?’

मध्यंतरी कोळगावला मोठा कार्यक्रम ठरला. आयोजकांना त्यानं सांगितलं, ‘स्टेज नको, आमी खाली उभे रानार.’ माईकवाला डोक्याला हात लावून बसला. आणि म्हातारा आला! आता ऐंशीच्या पुढचा, दोघांनी धरून आणलेला. पण तारपा ओठाला लागला तसं त्यानं दोघांचेही हात झटकले.

म्हातारा फुंकत फिरायला लागला. त्याच्याभोवती माणसांची साखळी. गिटार गळ्यात घेतलेला पोर त्याच्याकडे तोंड ठेवून उलटा-सुलटा सरकत होता आणि त्याच्या गिटारची वायर ढोलवाल्याच्या पायात, मग माझ्या. हो, मीही साखळीत होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून! तेव्हाच्या सांस्कृतिक प्रमुखांनी पाहिलं असतं तर मला मागे पडद्यापाशी उभं केलं असतं.

म्हातारा अचानक वळला, साखळी वळली आणि गिटारमधून वायर निसटली. गिटार मुकी. माईकवाला धावला, तर पोरानं मानेनंच नको म्हटलं. गिटार पाठीवर ढकलली, माझा हात धरला आणि नाचू लागला. आपलं गाणं बुडालं, तरी बापाला थांबवायचं नव्हतं त्याला.

थांबला तो म्हाताराच. हळूहळू वाकला, धुळीतलं वायरचं टोक उचललं, पंच्याला पुसलं आणि पोरापुढे धरलं.

‘लाव. मी एकटा किती वाजवू?’

पोराला गिटारचं वायर लावायचं भोक सापडेना, डोळे भरलेले. तोवर म्हातारा तारपा ओठांपाशी धरून उभा राहिला, श्वास भरून घेतलेला.