सुट्या बटणांचं दुकान

शिवणकाम येतं का, असं कुणी विचारलं असतं तर मास्तरिणीनं स्वतःच 'नाही' म्हणून सांगितलं असतं. मापं घेणं, कापणं, शिवणं ही मास्तरांची कामं. तिच्याकडे काज-बटण. आता काज-बटणाला कुणी काम म्हणत नाही, पण ऐन मुलाखतीत ज्याचं बटण तुटून साहेबाच्या टेबलाखाली घरंगळलंय, त्याला विचारा. गल्लीच्या टोकाला जिन्याखालची एवढीशी खोली, आत मशीनवर मास्तर आणि दाराशी उजेडात स्टुलावर ती, असा त्यांचा सगळा संसार झाला. दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसायची दोघं, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. मास्तर जिभेचे तिखट. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर माप मुद्दाम मोठ्यानं वाचायचे. ती दातांत दोरा धरून हसायची.

टाकून देणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. उरलेली बटणं बरणीत. जुना कोट पायपुसण्याच्या लायकीचा झाला की आधी त्याची बटणं कापून बरणीत. शिंपल्याची वेगळी, शिंगाची वेगळी, लाकडाची वेगळी, आणि ज्यांना कुठेच थारा नाही त्यांची एक मोठी बरणी, तिला मास्तर 'धर्मशाळा' म्हणायचे.

धंद्यात मंदी यायचीच. पण मास्तरांचा एक नेम होता, मशीन रिकामं ठेवायचं नाही. रिकामं मशीन गंजतं आणि रिकामा कारागीर त्याच्याही आधी गंजतो, असं ते म्हणायचे. काम नसलं की मास्तरीण घरचे जुने कपडे उसवून आणायची, मास्तर ते पुन्हा शिवायचे, आणि दारातल्या खुंट्यांवर ते असे टांगायचे की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, काय गर्दी आहे बुवा कामाची! त्यात फसवणूक आहे असं दोघांच्याही कधी मनात आलं नाही. लोक येत, काम मिळे, चूल पेटे.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो अर्धाच परत आला. वाचाही तशीच, एखाददुसरा शब्द मोठ्या कष्टानं यायचा, तोही कधी भलताच. दुकान सोडावं लागलं. मशीन विकलं, बरण्या तेवढ्या घरी आल्या. ज्या माणसानं आयुष्यभर आख्ख्या गल्लीची टिंगल केली, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. दाढी वाढली. जेवायला उठवलं की उठायचं, निजवलं की निजायचं. मास्तरिणीला वाटायचं, झटक्यातून वाचवून आपण घरी आणलं ते कुणाला?

मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. ती सुट्टीत आली, बापाची दशा बघून दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी फोन घेऊन बरण्यांचे फोटो काढत बसली. तिनं एका मोठ्या ऑनलाइन बाजारात आईच्या नावानं दुकान उघडलं. माल काय, तर एक बटण. तुमच्या कोटाचं, स्वेटरचं बटण हरवलंय? उरलेल्या बटणाचा फोटो पाठवा, आम्ही जोडीचं शोधून देतो.

मास्तरीण म्हणाली, "अगं, एका बटणासाठी कोण येतंय?"

लोक आले. जगात इतकी बटणं हरवलेली असतील असं तिला वाटलं नव्हतं. फोटो आला की ती फोन मास्तरांपुढे धरायची. ते बराच वेळ बघायचे, मग डाव्या हातानं बरणी दाखवायचे. ती ताटात बटणं ओतायची आणि ते एकेक निवडायचे, गालाला लावून बघायचे. शिंपल्याचं बटण गालाला गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. जोडीचं सापडलं की ते ताटाच्या कडेला ठेवायचे, वर तिच्याकडे असे बघायचे की जणू आत्ताच कुणाच्या तरी पोटाचं माप मोठ्यानं वाचलंय. ती बटण कागदाच्या पुडीत घालायची, सोबत सुई आणि त्याच रंगाचा दोरा. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी आपणहून दाढीचं सामान मागितलं. मास्तरीण स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडली, आनंदानं.

असं वर्षभर चाललं. फायदा म्हणावा तर चहापुरता. पण तिला पैसे कुठे हवे होते? तिला सकाळी उठणारा नवरा हवा होता.

मग बाजारवाल्या कंपनीची सूचना आली. भाषा अशी गोड की आधी वाटावं, बक्षीसच देतायत. 'आमच्या लाडक्या विक्रेत्यांना अधिक चांगली सेवा देण्यासाठी' पुढच्या महिन्यापासून दर ऑर्डरमागे एक ठरावीक आकार, म्हणजे शुल्क, लागणार होता, वस्तू केवढ्याचीही असो. तो आकार तिच्या बटणाहून महाग होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! फ्रीज विकणाऱ्याला काय फरक पडतो? मेला तो बटण विकणारा.

छोट्या विक्रेत्यांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथं आगडोंब उसळला. हातानं साबण करणारा एक गृहस्थ, मेणबत्त्यांवाली एक बाई, खेळण्यांची चाकं विकणारा कुणी. मेणबत्तीवाली पुढारीण. "एकजूट दाखवा! रविवारी सगळ्यांनी दुकान बंद. आपल्याशिवाय ह्यांचं चालतं कसं, बघूच!" सगळ्यांनी वळलेल्या मुठींची चित्रं टाकली. मास्तरिणीनंही टाकली, पहिल्यांदाच, आणि तिला उगीचच धीट वाटलं. रविवारी तिनं इमानेइतबारे दुकान बंद ठेवलं. दुपारी सहज बघते तर मेणबत्तीवालीचं दुकान उघडं, वर 'फक्त आज खास सवलत' अशी पाटी. साबणवाल्यानं ग्रुपवर जाब विचारला, तर बाई म्हणते, चुकून उघडं राहिलं. साबणवाला तरी कुठला धुतल्या तांदळासारखा! त्याचंही उघडं होतंच. कंपनीला बंदचा पत्ताही लागला नसेल.

मुलीनं फोनवर हिशोब करून सांगितलं, "आई, आता एक बटण परवडणार नाही. कमीत कमी डझनभर घ्यावी लागतील असं लिहू." तसं लिहिलं. पण ज्याचं एक बटण हरवलंय तो डझनभर घेऊन करील काय? ऑर्डरी पातळ झाल्या, मग थांबल्याच.

मास्तर सकाळी दाढी करून ताटापुढे येऊन बसायचे. ती म्हणायची, "आज नाही हो काही. येईल उद्या." ते दुपारपर्यंत बसायचे. काही दिवसांनी दाढी एक दिवसाआड झाली, आणि एका सकाळी तिनं हाक मारली तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुन्हा तेच.

पण मंदीत काय करायचं हे तिला ठाऊक होतं. घरचे कपडे उसवायचे.

तिनं डझनाची अट काढून टाकली. मग भावजयीला फोन केला. "वहिनी, तुमच्या नावानं मी आमच्याच दुकानातून एक बटण मागवते. पैसे मी भरते, पुडी तुमच्याकडे येईल, तेवढी ठेवून द्या, मी येऊन घेऊन जाईन." वहिनी म्हणाली, "खुळ्या की काय तुम्ही?" पण ठेवून घेतली. मास्तरिणीनं कपाटातल्या एका जुन्या सदऱ्याचं बटण कापलं, फोटो काढला आणि नवऱ्यापुढे धरला. "अहो, ऑर्डर आलीय. बघता का?"

मास्तर उठून बसले.

मग तिनं धडाकाच लावला. वहिनी, वहिनीची सून, खालच्या मजल्यावरची शिक्षिका, मुलीची जुनी मैत्रीण. आकार ती घरखर्चातून भरायची. नवऱ्याच्या औषधासाठी लोक कर्ज काढतात, हे त्यापेक्षा स्वस्तच होतं. परत आलेली बटणं मास्तर झोपले की गुपचूप बरण्यांत जायची. संध्याकाळी ते विचारायचे, "गेलं?" ती सांगायची, "गेलं हो, बाई फार खूश झाली." खोटं बोलताना तिला काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर मजाच यायची.

अशात एक ऑर्डर आली, ती तिनं केलेली नव्हती. कुणा बाईनं लिहिलं होतं, 'ह्यांचा स्वेटर आहे. ते गेल्यापासून मी घालते. वरचं बटण कुठं पडलं कळत नाही. खूप दुकानं फिरले. तुमच्याकडे असेल का?' खाली तपकिरी, कडेला फिकट होत गेलेलं शिंगाचं बटण.

मास्तरिणीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तरांनी शिंगाची बरणी उपसली. नव्हतं. धर्मशाळा उपसली, तिथंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं उपसलं. ती म्हणाली, "राहू दे हो, नाही म्हणून कळवू." त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की तिनं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. शेवटी त्याच रंगाचं एक मोठं बटण काढून ते कानशीनं घासत बसले. उजव्या हातानं बटण दाबून धरायचं आणि डाव्यानं घासायचं. कापरा हात, बटण निसटून पळायचं, ती पलंगाखाली वाकून शोधून आणायची. बोटाचं सालटं निघालं तरी थांबेनात. कित्येक दिवस घासून ते बटण त्या फोटोतल्यासारखं झालं, अगदी फिकट कडेसकट. मास्तरांनी ते गालाला लावलं, मग तिच्या गालाला लावलं. मग स्वतःच्या हातानं पुडी बांधली. वेडीवाकडी बांधली, पण बांधली.

ती पत्त्याची चिठ्ठी काढायला फोन उघडते तर दुकान नाही. त्याजागी दोन ओळी होत्या. बनावट विक्री आढळल्यामुळे आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. शिल्लक ऑर्डरी विक्रेत्याच्या वतीनं रद्द केल्या आहेत.

मुलगी फोनवर ओरडलीच, "आई! स्वतःच्याच दुकानातून स्वतःच खरेदी? एकाच कार्डावरून? त्यांना वाटणारच ना, नाव वर आणायला करताय म्हणून!"

"अगं, पैसे भरले होते मी. आकारसुद्धा भरला. चोरी कुठं केली?"

"चोरी नाही गं. पण चालत नाही असं."

"जिन्याखालच्या दुकानात चालायचं," मास्तरीण म्हणाली.

मुलीनं अर्ज केला. निर्णय अंतिम आहे, असं उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की माणसानं वाचलं असेल असं वाटेना. मदतीच्या नंबरावर एक यंत्र होतं. ते 'एक दाबा, दोन दाबा' म्हणत राहिलं. मास्तरिणीनं भीतभीत ग्रुपवर लिहिलं, एका गिऱ्हाइकाचा पत्ता तेवढा कुणाला मिळवता येईल का? पत्ता कंपनीकडेच असतो, पार्सल निघेपर्यंत विक्रेत्याला दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साबणवाल्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. मेणबत्तीवालीनं लिहिलं, 'तुमच्यासारख्या खोट्या विक्रीवाल्यांमुळेच आमच्यासारख्या प्रामाणिकांवर आकार वाढतात.' त्यावर बऱ्याच जणांचे अंगठे आले.

संध्याकाळी मास्तरांनी पुडीकडे बोट केलं. पुडी ताटाच्या कडेलाच होती. "गेलं नाही?"

गेलं म्हणायला तिची जीभ सरावलेली होती. पुडी उचलून डब्यात लपवायची, एवढंच काम. पण त्या बोटाचं सालटं अजून भरलं नव्हतं. तिच्यानं खोटं बोलवेना. ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. वहिनी, सून, शिक्षिका, स्वतःच कापलेली बटणं, सगळं. "मीच मागवत होते हो. तुम्ही उठून बसावं म्हणून. आता त्यांनी दुकानच बंद केलंय. माझ्यामुळे." तिला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाईला," त्यांनी पुडीवर हात ठेवला, "काय कळवलं?"

"कंपनीनं कळवलं असेल. आपल्याकडून रद्द म्हणून."

"नाही म्हणून?"

"हो."

मास्तरांचे ओठ हलले. शब्द सापडेना, तो शोधताना त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. मग पुडी उचलून त्यांनी तिच्या हातात कोंबली. "आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे आहे. सांग तिला."

मास्तरिणीनं फोन हातात घेतला. ते बघत होते म्हणून घेतला. त्या दोन ओळींखाली लिहायला कुठंच जागा नव्हती, आणि त्या बाईचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.